टाकी तुंबली की फोन करा

ऑक्टोबर 2017 मध्ये महाराष्ट्राचा शहरी भाग हागणदारीमुक्त जाहीर झाला. मग त्या पदवीला अधिक चिन्ह लागलं, मग आणखी एक. पहिलं सार्वजनिक शौचालयं धड चालतात म्हणून, दुसरं मैल्याची नीट विल्हेवाट लागते म्हणून. म्हणजे मैला जातो कुठे, हे विचारायला आपल्याला दुसऱ्या अधिक चिन्हापर्यंत थांबावं लागलं. तोवर शौचालयं मोजून झाली होती, लाभार्थ्यांना दारात उभं करून फोटोही काढून झाले होते. सेप्टिक टँक फोटोत येत नाही. ती जमिनीखाली असते आणि पुष्कळ घरांत तिच्या झाकणावर छानशी फरशी बसलेली असते.

भुयारी गटार नसेल तर ही टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. आपल्याकडचा नियम सुटसुटीत: तुंबली की फोन करा. गाडी येते, पैसे घेते आणि जवळच्या नाल्यात मोकळी होते. लांब गेली तर डिझेल जळतं. ज्याला एकरकमी पैसे झेपत नाहीत, तो स्वस्तात माणूस उतरवतो. हाताने मैला उपसण्याविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने असं माणूस उतरवायला बंदी आहे. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाखांवर नेली. मरणाचा दर असा ठरलेला. उपशाचा दर मात्र बहुतेक गावांत गाडीवाल्याच्या मर्जीवर.

वाई आणि सिन्नरच्या नगरपालिकांनी हे उलटं केलं. फोनची वाट न पाहता गाडी तीन वर्षांतून एकदा पाळीने प्रत्येक दारी जाते, खर्च करातून निघतो आणि ठेकेदाराचे पैसे कामाशी बांधलेले. यावर पहिली हरकत ठरलेली: ‘आमची टाकी वीस वर्षांत भरली नाही, आम्ही कर का द्यावा?’ हे अभिमानाने सांगितलं जातं. पण तळाला गाळ दाटला की वरून आलेलं सगळं तसंच पुढे सरकतं. तुमची टाकी भरत नाही, कारण ती शेजाऱ्याच्या गटारात रिकामी होते आहे. दुसरी हरकत, ठेकेदार खाणार. खाईलही. पण गाळ शुद्धीकरण केंद्रावर पोचल्याची नोंद तपासूनच बिल निघालं, तर त्याला नाल्यापेक्षा केंद्र परवडतं. फोनवरच्या गाडीला कधीच परवडत नाही.

तिसरी हरकत गल्लीची: गाडी शिरत नाही. लहान गाडी आणि लांब पाइप यांचा शोध लागलेला आहे. अडतं ते बहुधा वस्ती ‘अनधिकृत’ असल्यामुळे. अशा झोपड्यांनाही पाणी द्या, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्येच सांगितलं. आत जाणाऱ्या पाण्याचा निकाल लागला. तेच पाणी घाण होऊन बाहेर पडतं, तेव्हा त्याच्याकडे अजून रहिवासाचा पुरावा मागतात.