लातूरचे रसिक

शहरी मंडळी हल्ली सफरचंदाची सायडर चाखून तिला दहापैकी गुण देतात. कौतुकच आहे. पण लातूरकरांनी हीच कला साध्या पाण्यावर सिद्ध केली, याची दखल कुणी घेत नाही. बोअरचं पाणी : क्षारांचा भरगच्च ठसा, जिभेवर रेंगाळणारी चव, सहा गुण. टँकरचं : किंचित गढूळ, मागाहून गंजाचा सुगंध, पाच. जारचं : गारवा उत्तम, व्यक्तिमत्त्व शून्य, चार.

मांजरा धरण कोरडं पडलं त्या २०१६ साली मात्र खास आयात झाली. १२ एप्रिलला ‘जलदूत’ गाडी मिरजेहून १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर माल घेऊन आली. पैकीच्या पैकी गुण! आस्वादात व्यत्यय नको म्हणून पाणी भरण्याच्या ठिकाणी प्रशासनाने मार्चमध्येच जमावबंदी लावली होती. एवढी शिस्त मद्यमहोत्सवांतही नसते.

आता पुढची पायरी उघड आहे. नळाला पाणी सोडूच नये, टाकीतच वर्षानुवर्षं मुरवावं. जितकं जुनं, तितकं मोलाचं.

मालाचा दर्जा रेल्वेनेही ओळखला. मे महिन्यात तिने लातूरला सुमारे ४ कोटी रुपयांचं बिल पाठवलं.