फुकटच्या चौकशा: नवशिक्यांसाठी सुलभ मार्गदर्शिका

इंटरनेटवर नासाडी करायला हुशारी लागते, असा एक गैरसमज आहे. व्हायरस लिहिणं, बँकेचं खातं फोडणं ही कष्टाची कामं झाली. त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका नाही. ही आहे नव्या पेठेतल्या दुकानदारासाठी, अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल कारखान्यातल्या हिशेबनिसासाठी, जुळे सोलापुरात घरी वायफाय बसवून घेतलेल्या निवृत्त मास्तरांसाठी. बसल्या जागी, एक पैसा खर्च न करता, जगातल्या अत्यंत महत्त्वाच्या सर्व्हरांना निरर्थक प्रश्न विचारत राहायचं, एवढाच हा अभ्यासक्रम. बहुतेकांचा तो आधीच पूर्ण झालाय, फक्त प्रमाणपत्र हाती पडलेलं नाही.

पूर्वतयारी

आपण कुणाला त्रास देणार आहोत, हे आधी माहीत असावं. वेबसाइटला आपण नावाने हाक मारतो, पण यंत्रांना आकडा लागतो. नावावरून आकडा शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. पॉल मोकापेट्रिस यांनी ती १९८३ मध्ये मांडली. तुमचं यंत्र आधी नेट देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरला विचारतं. त्याला रिझॉल्व्हर म्हणतात. त्याला काहीच ठाऊक नसेल तर तो थेट वर, रूट सर्व्हरकडे जातो. रूटला तुमची वेबसाइट माहीत नसते. ‘डॉट इन’ कोण सांभाळतं, ‘डॉट कॉम’ कोण सांभाळतं, ‘डॉट भारत’ कोण सांभाळतं, एवढंच तो सांगतो.

रूट सर्व्हरांना इंग्रजी ए ते एम अशी १३ नावं आहेत आणि ती १२ संस्था चालवतात. त्यांत नासा आहे, अमेरिकी लष्कराची प्रयोगशाळा आहे, मेरीलँड विद्यापीठ आहे, जपानचा ‘वाइड’ प्रकल्प आहे. नावं १३ असली तरी त्यांच्या प्रती जगभर हजाराहून जास्त ठिकाणी आहेत. ‘आय’ची एक प्रत २००५ मध्ये मुंबईत आली, म्हणजे सोलापूरपासून साधारण चारशे किलोमीटरवर. तुमच्या प्रश्नाला उत्तर देणारी प्रत तीच असेल असं मात्र नाही. यांपैकी कुणीही प्रश्नागणिक बिल पाठवत नाही. ही ओळ वहीत अधोरेखित करून ठेवा. पुढचा सगळा अभ्यासक्रम तिच्यावर उभा आहे.

नासाडीच्या आड येणारा मोठा शत्रू म्हणजे स्मरणशक्ती. हे सोलापूरकरांना फोडून सांगायला नको, कारण दाते पंचांग याच गावातून निघतं. ते एकदा घरात आणलं की एकादशी कधी, संकष्टी कधी हे वर्षभर कुणाला विचारावं लागत नाही, आणि पुढच्या पाडव्याला ते रद्दीत जातं. डीएनएसच्या प्रत्येक उत्तरावरही अशी मुदत सेकंदांत लिहिलेली असते. ‘डॉट इन’बद्दल रूटने दिलेलं उत्तर दोन दिवस चालतं. म्हणजे गड्डा यात्रेत होम मैदानावर लाखो लोक मोबाइल काढून उभे असले, तरी त्यांच्या रिझॉल्व्हरने दोन दिवसांतून एकदा विचारलं की भागतं. ‘असं नाव नाही’ हे उत्तरसुद्धा दिवसभर जपून ठेवता येतं. हिशेब पाहिला तर रूटला दिवसभर माश्या मारत बसता यायला हवं.

त्याला तसं बसू न देणं हे आपलं काम.

धडा पहिला: प्रश्न जाऊ द्या, उत्तर अडवा

हा अभिजात प्रकार. ऑफिसात फायरवॉल बसवा आणि ती अशी लावा की आतला प्रश्न बाहेर जाईल, पण बाहेरचं उत्तर आत येणार नाही. सुरक्षेच्या नावाखाली हे केलं की कुणी शंका घेत नाही. उत्तर आलं नाही म्हणून यंत्र पुन्हा विचारतं, पुन्हा, पुन्हा.

४ ऑक्टोबर २००२ या एका दिवशी ‘एफ’ रूटवर आलेले सुमारे १५ कोटी संदेश डुएन वेसेल्स आणि मरीना फोमेन्कोव्ह या संशोधकांनी तपासले. त्यांत कामाचे निघाले जेमतेम दोन टक्के. सत्तर टक्के प्रश्न त्याच दिवशी आधी विचारून झालेले होते, आणि त्याचं एक कारण त्यांना हेच दिसलं: उत्तरं परत पोचतच नसावीत. आणखी सात टक्के मंडळींनी तर आकडा देऊन त्याचा आकडा विचारला होता. पाहुण्याच्या दारात उभं राहून त्यालाच त्याच्या घराचा पत्ता विचारणारे लोक आपण पाहिलेत. यंत्रांनाही ते जमतं हे वाचून मला बरं वाटलं. २००८ मध्ये अशीच मोजणी पुन्हा झाली, तेव्हाही कामाचे प्रश्न दोन टक्क्यांच्याच घरात होते. सहा वर्षं सातत्य टिकवणं सोपं नाही.

धडा दुसरा: ऑफिसच्या नेटवर्कला मनचं नाव द्या

समजा, एमआयडीसीत तुमचा टॉवेलचा कारखाना आहे. दहा कॉम्प्युटर, दोन प्रिंटर, एक सर्व्हर. नेटवर्क बसवायला आलेला मुलगा विचारतो, ‘सायेब, डोमेनला नाव काय देऊ?’ खरं डोमेन विकत घ्यायला वर्षाला हजारभर रुपये पडतात. ते वाचवा. ‘टॉवेल.कॉर्प’ म्हणा, ‘चादर.होम’ म्हणा. ऑफिसातला सर्व्हर ते नाव ओळखतो, काम सुरळीत चालतं, मुलगा चहा पिऊन जातो.

मजा पुढे आहे. जानेवारीत इकडे सिद्धेश्वराच्या काठ्या निघतात आणि तिकडे जर्मनीत फ्रँकफर्टला हाइमटेक्स्टिल प्रदर्शन भरतं. मालक लॅपटॉप घेऊन विमानात बसतात. हॉटेलच्या वायफायला जोडल्याबरोबर लॅपटॉप प्रामाणिकपणे ऑफिसचा सर्व्हर शोधू लागतो. हॉटेलच्या रिझॉल्व्हरला ‘डॉट कॉर्प’ ठाऊक नाही, म्हणून तो रूटला विचारतो. रूट म्हणतो, असं कोणी राहत नाही बे. लॅपटॉपला ते पटत नाही. तो प्रिंटर शोधतो, मग फाइली ठेवायची जागा शोधतो, मग पुन्हा सर्व्हर. मालक गिऱ्हाइकाला टॉवेलचं वजन सांगत असतात आणि बॅगेतला लॅपटॉप, झाकण नीट लागलं नसेल तर, जर्मनीत अक्कलकोट रोड शोधत असतो.

जगात असे कारखाने इतके आहेत, की ‘होम’, ‘कॉर्प’ आणि ‘मेल’ ही टोकाची नावं कुणालाच द्यायची नाहीत, असं इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या ‘आयकॅन’ या संस्थेने २०१८ मध्ये ठरवलं. ती दिली असती तर इतक्या वर्षांच्या चुकार चौकशांना अचानक खरी उत्तरं मिळू लागली असती, आणि कुणाच्या हिशेबाच्या वह्या कुणाकडे उघडल्या असत्या ते सांगता येत नाही. हा धोका कल्पनेतला नाही. माइक ओकॉनर या अमेरिकी गृहस्थांनी १९९४ मध्ये ‘कॉर्प.कॉम’ हे नाव घेऊन ठेवलं होतं. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या नेटवर्क-व्यवस्थेत ‘कॉर्प’ हे नमुन्याचं नाव होतं आणि असंख्य कंपन्यांनी ते तसंच ठेवलं. परिणामी लाखो परक्या कॉम्प्युटरांची कुजबुज या एका माणसाच्या दारात येऊन पडू लागली. २०२० मध्ये त्यांनी नाव विकायला काढलं, किंमत १७ लाख डॉलरपासून पुढे. शेवटी ते घेतलं मायक्रोसॉफ्टनेच. आळसाला एवढा भाव आलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

२०२४ मध्ये ‘डॉट इंटर्नल’ हे नाव खास घरगुती वापरासाठी राखून ठेवण्यात आलं. ते फुकट आहे. नेटवर्कवाल्या मुलाला ही बातमी कळू देऊ नका.

घरच्या राउटरचा १९२.१६८ने सुरू होणारा आकडा कोट्यवधी घरांत तोच असतो. त्याचा मालक कोण, हे बाहेर विचारण्यात काहीच अर्थ नाही. तरी यंत्रं विचारतात. इतकी विचारतात, की त्यासाठी वेगळे सर्व्हर ठेवावे लागलेत, आणि ते जगभर चालवतात स्वयंसेवक. या सर्व्हरांची नावं ‘प्रिझनर’, ‘ब्लॅकहोल-१’ आणि ‘ब्लॅकहोल-२’ अशी आहेत. ज्याने ठेवली त्याची मनःस्थिती समजते.

धडा तिसरा: खात्री करून घ्या

आतापर्यंतची नासाडी निष्काळजी लोकांची. आता हुशार लोकांची पाहू, कारण मोठे आकडे तिथेच सापडतात.

क्रोमच्या पट्टीत तुम्ही ‘हुरडा’ असा एकच शब्द टाइप केलात, तर ब्राउझरला प्रश्न पडतो: याला हुरड्याची माहिती हवी आहे, की ऑफिसात ‘हुरडा’ नावाचा कॉम्प्युटर आहे? खात्री करायला तो त्या नावाची गुपचूप चौकशी करतो. इथवर ठीक. पण नेट देणाऱ्या कित्येक कंपन्यांना एक सवय लागली होती. नसलेलं नाव विचारलं की ‘नाही’ म्हणण्याऐवजी त्या आपलं जाहिरातीचं पान पुढे करत. म्हणजे ‘हुरडा’ नावाचा कॉम्प्युटर आहे, असंच ब्राउझरला वाटणार. हे खोटं पकडायला क्रोमवाल्यांनी युक्ती काढली. ब्राउझर सुरू झाला किंवा नेटवर्क बदललं, की सात ते पंधरा अक्षरांची तीन निरर्थक नावं मनाने बनवायची आणि ती आहेत का विचारायचं. तिन्हींपैकी दोघांना एकच पत्ता मिळाला, तरी मधला माणूस खोटं बोलतोय.

युक्ती नामी. पण दर वेळी नाव नवं, त्यामुळे जपून ठेवलेलं उत्तर उपयोगाचं नाही. प्रश्न थेट रूटपर्यंत. आता उन्हाळ्यातलं सोलापूर डोळ्यांपुढे आणा. दुपारी लाइट जाते, राउटर बंद. लॅपटॉप बॅटरीवर चालूच. लाइट येते, राउटर जागा होतो, नेटवर्क बदललं, तीन प्रश्न. पुन्हा जाते, पुन्हा येते, आणखी तीन. असं अख्खं जग.

२०२० मध्ये ‘डॉट कॉम’ आणि ‘डॉट नेट’ सांभाळणाऱ्या व्हेरिसाइन या कंपनीच्या मॅथ्यू थॉमस यांनी हिशेब मांडला: रूटकडे येणाऱ्या वाहतुकीतला जवळपास निम्मा भाग या तीन नावांचा. त्या नोव्हेंबरात आलेल्या क्रोम ८७ मध्ये ही तपासणी मुळात बंद केली. दिवसाला १४३ अब्ज प्रश्नांपर्यंत चढलेला आकडा काही आठवड्यांत ८४ अब्जांवर उतरला. एका ब्राउझरची एक खोड. नवशिक्यांनी यातून योग्य तो बोध घ्यावा: ज्याला नासाडी करायची आहे त्याने चौकात दंगा करू नये, प्रोग्रॅमरची नोकरी धरावी.

इतिहासाची गंमत अशी, की खोट्या उत्तरांची ही खोड व्हेरिसाइनलाही एकदा लागली होती. १५ सप्टेंबर २००३ पासून ‘डॉट कॉम’ आणि ‘डॉट नेट’मधली नसलेली सगळी नावं तिने आपल्या ‘साइट फाइंडर’ पानाकडे वळवली. जगभर बोंब झाली आणि आयकॅनने ते बंद करायला लावलं. तारीख, ४ ऑक्टोबर.

धडा चौथा: गप्प बसलेल्याला जास्त विचारा

‘नाही’ हे उत्तर निदान जपून ठेवता येतं. समोरचा काहीच बोलत नसेल तर जपायलाही काही नसतं, म्हणून हुकमी नासाडीसाठी शांतता उत्तम. २०२१ मध्ये फेसबुकचा पत्ता सांगणारे सर्व्हरच इंटरनेटवरून दिसेनासे झाले. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते. व्हॉट्सॲप बंद. माणसांनी फोन आपटून पाहिले, राउटर बंद-चालू केले, विमानाचं चिन्ह दाबून सोडलं. ॲप मात्र एक क्षण गप्प बसली नाहीत. क्लाउडफ्लेअरच्या सार्वजनिक रिझॉल्व्हरवर त्या नावांची चौकशी नेहमीच्या तीसपट झाली. ही तारीखही ४ ऑक्टोबर. पंचांगकर्त्यांनी लक्ष घालावं.

धोक्याची सूचना

अलीकडे काही रिझॉल्व्हर शहाणे झालेत. रूटची उत्तरं २०१० पासून सहीशिक्क्याची असतात, आणि ‘नाही’ म्हणताना रूट जास्तीचं एक सांगतो: अकारविल्हे या नावापासून त्या नावापर्यंत मध्ये काहीच नाही. शहाणा रिझॉल्व्हर ते लक्षात ठेवतो आणि त्या टप्प्यातल्या कुठल्याही नसलेल्या नावाला परस्पर ‘नाही’ म्हणतो. अशा ठिकाणी तुमचा ‘हुरडा’ वाटेतच अडकेल. नेट घेताना कंपनीला हे विचारून घ्यावं, असं म्हणणार होतो. पण काउंटरवर बसलेल्या माणसाला हा प्रश्न विचारायचं धाडस माझ्यात नाही.

पुढील शिक्षण

तुमच्या मुलीने इथेच इंजिनीअरिंग केलं, हुतात्मा एक्स्प्रेसने पुणं गाठलं आणि ती क्लाउडवाल्या कंपनीत लागली, तर तिला कुबरनेटिस हे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर भेटेलच. त्यात मूळच्या रचनेप्रमाणे बाहेरच्या कुठल्याही नावात पाचपेक्षा कमी टिंबं असली, की ते आधी घरचं नाव समजलं जातं. मग त्याला एकामागून एक तीन शेपटं जोडून विचारलं जातं, प्रत्येक वेळी दोनदा, जुन्या पद्धतीच्या पत्त्यासाठी आणि नव्या. सहा प्रश्न वाया गेल्यावर खरा प्रश्न निघतो. हे सहसा कंपनीच्या कुंपणाबाहेर जात नाहीत, म्हणून जगाला उपद्रव कमी. वीज मात्र खर्च होते.

ते टाळायचा उपाय एवढासा आहे. नावाच्या अगदी शेवटी एक टिंब द्यायचं. ते टिंब म्हणजेच रूट. ते दिलं की शेपटं जोडली जात नाहीत. मुलीने ते कुठूनतरी वाचून दिलंच, तर काळजी करू नका. तपासणाऱ्या वरिष्ठांना ती टायपिंगची चूक वाटते आणि ते टिंब खोडतात.