पालीच्या आडून राज्य करणाऱ्या विषास

प्रति,
श्रीमान जिवाणूविष,
मुक्काम : कुठल्याही भंडाऱ्याचा गंज.

स. न. वि. वि.

आपल्या बेमालूम लपण्याबद्दल आधी अभिनंदन. जेवणातून गावाला बाधा झाली की पहिला संशय पालीवर. पंगत उठते न उठते तोच कुणीतरी सांगतं, भाजीत पाल पडली होती. घरातल्या पालीत विष नसतंच. तिच्या विष्ठेतून साल्मोनेला अन्नात जाऊ शकतो, पण खळखळ उकळीत तो टिकत नाही. तरी फाशी तिलाच. पाल सापडली नाही तर तेल खोटं, तेही नसेल तर कुणाची तरी नजर. एप्रिल २०२४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या माजरीत, मंदिरातला महाप्रसाद घेतलेले सुमारे ८० जण आजारी पडले आणि ८० वर्षांचे एक गृहस्थ दगावले. तिथल्या गंजात आपणच होतात असा आरोप मी करत नाही. बिनपुराव्याच्या आरोपांसाठी पाल आहेच. मला फक्त आपला धंदा चव्हाट्यावर मांडायचा आहे.

आपली खरी ताकद ही, की आपल्याला बनवणारा जिवाणू मेला तरी आपण उरता. स्टॅफिलोकॉकस ऑरियस अनेकांच्या नाकात आणि कातडीवर मुकाट राहतो. आचाऱ्याच्या बोटाला पिकलेली जखम असली की तो शिजलेल्या बटाट्यात उतरतो, अन्न कोमट असेतो वाढतो आणि विष सोडतो. मग 'एक उकळी काढा' म्हणतात. जिवाणू मरतो, विष अर्धा तास उकळूनही शाबूत. भातातला बॅसिलस सेरियस त्याहून बेरकी. त्याचे बीजाणू शिजण्यातून वाचतात आणि त्याचं उलटी आणणारं विष १२१ अंशांवर दीड तास ठेवलं तरी टिकतं. जिवाणू नसतानाही विष एकटं काम करतं, हे कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये पटकीच्या बाबतीत दाखवून दिलं : जिवाणू गाळून काढलेलं द्रावण सशाच्या आतड्यात सोडलं, तरी आतडं पाण्यानं फुगलं.

आपले वकील म्हणतील, अन्न ताजं होतं. सकाळी अकराला उतरवलेला भात रात्री नऊच्या पंगतीला ताजा कसा? ५ ते ६० अंशांच्या मध्ये जिवाणू सुखात वाढतात आणि चंद्रपूरचा एप्रिल चाळिशीपार जाऊन त्यांची आयती सोय करतो. त्यात खोल गंज झाकून ठेवला की कडेचा भात निवतो, मधला तासन् तास कोमट. सगळ्यांनी खाल्लं, मग काहींनाच का बाधलं, ही हरकतही टिकत नाही : विष गंजभर सारखं पसरलेलं नसतं, आणि पोराम्हाताऱ्यांना अंगातलं पाणी गेलेलं सोसत नाही. वासावरून ओळखू म्हणावं, तर आपल्याला वासही नाही, चवही नाही. उरली भावनेची हरकत : प्रसादावर संशय घेणं पाप. ही मात्र मला गंभीर वाटते, कारण तीच आपली कवचकुंडलं. पण नैवेद्याआधी चाखायचं नाही, सोवळ्यात रांधायचं, उष्टा हात लावायचा नाही, इतकं पाळणाऱ्यांना घड्याळ पाहणं जड का जावं? पाचशे पानांना एकदाच भात टाकण्याऐवजी तीनदा टाकावा, शिजल्यापासून दोन तासांत वाढावा, बोटाला गळू असलेल्याला वाढपी करू नये. गॅस जास्त जळेल, आचारी कुरकुरेल, कुरकुरू द्या.

आणि बाधा झालीच, तर उरलेलं अन्न घाईघाईनं नाल्यात ओतू नये. थोडं स्वच्छ डब्यात, थंड जागी ठेवून आरोग्य खात्याच्या हवाली करावं. गंज घासला की आपला माग संपतो. रुग्णाला मीठ-साखरेचं पाणी घोटघोट पाजत दवाखाना गाठावा.

कळावे,
पंगतीतला एक