वनराज फुल्ल दाखवतो

विहिरीवरची मोटार घरबसल्या मोबाइलवरून लावून देतो, असं मी मोठेबाबांना सांगितलं तेव्हा अंगणात चार माणसं बसली होती. एकटे असते तर इतक्या खणखणीत आवाजात सांगितलं नसतं. सिंदेवाहीकडे वाघ आहे; रात्री वावरात का जाऊ नये, हे सांगत बसत नाही.

साधन म्हणजे ईएसपी ८२६६ हे वाय-फाय मोड्यूल. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीनं २०१४ मध्ये बाजारात आणलेलं, स्वस्त, ३.३ व्होल्टवर चालणारं, फक्त २.४ गिगाहर्ट्‌झ ऐकणारं. ते स्वतःचंही नेटवर्क काढतं, आणि माझं घोडं तिथेच अडलं, कारण त्या नेटवर्कला नाव द्यावं लागतं. मला माझं पूर्ण नाव हवं होतं, पुढे 'इंजिनिअर' लावून. पण जागा ३२ बाइटची, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजून. म्हणजे १० चिन्हांत आटपा. 'इंजिनिअर'मध्येच ८ संपली. उरलेल्या दोनांत माझ्यासारखा माणूस मावतो का?

नावाचं मोल आमच्या झाडीपट्टीला शिकवावं लागत नाही. दिवाळी झाली की मंडईची जत्रा, मंडई आली की रात्रभराचं नाटक. वडश्याच्या नाटक कंपनीच्या पोस्टरवर नाव असं पाहिजे की वाचतानाच बाईनं पदर डोळ्याला लावावा. कुंकू, माय, सूड, सौभाग्य, यातलं निदान एक तरी हवंच. विनोदी पात्रं मूळ कथेचा गळा दाबतात, नाटक पहाटेपर्यंत रेंगाळतं, तरी सकाळी टपरीवर चर्चा होते ती नावासकट. लहानपणी अशाच एका नाटकात मी शिपाई होतो. संवाद नव्हता, पण पोस्टरवर नाव होतं. ते पोस्टर माझ्या कपाटात आहे; माझी पदवी कुठे आहे ते बायकोला विचारावं लागेल.

शेवटी 'वनराज' ठेवलं. १५ बाइट, रुबाब पूर्ण. दुसऱ्याच दिवशी धुऱ्यावरून शेजारी ओरडला, "बाबू, माह्या मोबाइलवर वनराज फुल्ल दाखवून राह्यला, घरी पळू का?"

पुढची गंमत अशी. वीज गेली की घरचा राउटर आणि विहिरीवरचं मोड्यूल, दोघंही बंद. परत आली की मोड्यूल लगेच उठतं, राउटरला मिनिट-दोन मिनिटं लागतात. राउटर दिसला नाही की हे रुसून स्वतःचं 'वनराज' काढून बसतं. मग कोणीतरी जवळ जायचं, मोबाइल जोडायचा, १९२.१६८.४.१ उघडून त्याला घरचा पत्ता, म्हणजे राउटरचं नाव-पासवर्ड, पुन्हा सांगायचा. विहिरीजवळ. रात्री. काठी धरून मागे उभे असलेले मोठेबाबा म्हणाले, "पहिले मी एकटाच येत होतो गा. आता दोघाले या लागते."

मी हसलो, ते हसले नाहीत. त्यांची बॅटरी पलीकडच्या झुडपांवरून हलत नव्हती.

राउटरची वाट पाहण्याची ओळ प्रोग्राममध्ये घालता येते, ती घातली. पण मोटार लागली तरी दांड फोडायला, पाणी या बांधीतून त्या बांधीत वळवायला माणूसच लागतो, आणि थ्री-फेज लाइन पाळीपाळीनं रात्रीचीही येते. वाघ आपल्या जागी आहे. धानाला पाणी रात्री द्यायचं, हे मात्र कुठल्या तरी कार्यालयात खुर्चीवर बसून ठरतं. तिथल्या साहेबांना विनंती आहे: शेतीची लाइन दिवसा द्या. पासवर्ड भरायला मी दुपारी उन्हात जाईन.