मुका हाये बाप्पा!

आमचे भाऊजी कुणाकडे जेवायला गेले की पाटावर बसण्याआधी पाट उचलतात, बोटाच्या पेराने टकटक करतात आणि कान लावतात. "मुका हाये," निकाल लागतो. मग चौरंग. मग दार. पुतणीसाठी स्थळ बघायला आम्ही आमगावला गेलो, तर बैठकीतल्या दिवाणाला टकटक करून ते खणखणीत आवाजात म्हणाले, "दिसाले दणकट, पण मुका हाये बाप्पा!" दिवाणावर मुलगा बसला होता. बिचारा लाजून गप्प होता, एवढंच. ते स्थळ गेलं.

भाऊजी गोंदियातल्या घराच्या मागच्या पडवीत गिटार बनवतात. मिरजेच्या सतारीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून पुढचा नंबर गोंदियाच्या गिटारचाच, अशा थाटात वावरतात. वरची स्प्रूसची फळी कुरिअरने मागवलेली. ती अडीच मिलिमीटरवर येईपर्यंत एक हात रंधा, एक टकटक. तोरेस नावाच्या स्पॅनिश कारागिराने 1862 मध्ये पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या करून गिटार बनवली, म्हणजे खरी बोलते ती वरचीच फळी, हे आम्हाला त्यांनीच सांगितलं. "मंग लोकायचे पाट काहून ठोकता?" ताईने विचारलं. त्यावर भाऊजी मुके.

मे महिन्यात लाकूड कोरडं पडून तडकतं, म्हणून घरातला एकुलता कूलर पडवीत. सरस शिजवायला नेलेलं चहाचं पातेलं ताईने परत मागितलंच नाही. ओल्या शिसवी पट्ट्या तापल्या नळीवर वाकवताना कडकन आवाज आला की शेजारी समजून घेतात.

पडद्यांचा हिशेब मात्र कॅलेंडरच्या पाठीवर. तारेच्या 650 मिलिमीटर लांबीला 17.817 ने भागायचं. पहिला पडदा साधारण साडेछत्तीसवर. उरलेल्या लांबीला पुन्हा तोच भागाकार. खूण करताना हा बडबड्या माणूस श्वास रोखून धरतो. बारावा पडदा बरोबर मधोमध, 325 वर उतरला, तेव्हा मलाही बरं वाटलं. काय करणार!

भाऊजींना गिटार वाजवता येत नाही. ती पुण्यातल्या मुलासाठी. दिवाळीला तो आला, एक गाणं वाजवलं, म्हणाला, "तारा जरा उंच आहेत, बाबा," आणि गिटार इथेच ठेवून गेला. भाऊजींनी घोडीवरची हाडाची पट्टी काढून पाव मिलिमीटर घासली आणि फोन लावला.

"तारा खाली आणल्या. ये."

"मार्चपर्यंत सुट्टी नाही, बाबा."

आणखी घासली तर तारा पडद्यांवर खडखडतील, हे त्यांच्याइतकं आमच्यात कुणालाच कळत नाही.

"बरं," भाऊजी म्हणाले, "मंग तवरिक आणखी पाव घासतो."