मालिकेतलं नागपूर

'द सिम्पसन्स' या अमेरिकी कार्टून मालिकेतलं स्प्रिंगफील्ड हे गाव नेमकं कोणत्या राज्यात आहे, हे १९८९पासून गुलदस्त्यातच आहे. नागपूरकराला याचं नवल नाही. आमचं गाव जागचं हललं नाही, राज्यंच बदलत गेली. आधी मध्य प्रांत-वऱ्हाड, मग मध्य प्रदेश, १९५६ साली मुंबई राज्य, १९६०पासून महाराष्ट्र. पुढचं कोणतं, यावर पानठेल्यांवर अजून चर्चा रंगते.

पडद्यावरचं नागपूर मात्र ठरलेलं: ऊन, संत्री, सावजी. मुंबईची मंडळी हिवाळी अधिवेशनाला डिसेंबरात येतात, कुडकुडतात, हुरडा खाऊन परततात. आणि त्यांच्या मालिकेतल्या नागपुरात बारमाही मे महिना!

२०१६ साली 'माझ्या नवऱ्याची बायको' सुरू झाली आणि नागपूरची राधिका घरोघरी पोचली. साधी, भोळी, नवऱ्यानं फसवलेली. काम करणाऱ्या अनिता दाते नाशिकच्या. महालातल्या आमच्या काकू रोज टीव्हीसमोर बसून चिडायच्या, "काय बोलून राह्यली वो हे? आपल्याकडं असं कोन बोलते?"

हे त्या हुबेहूब राधिकेच्या सुरात विचारायच्या.

त्यांचा खरा राग भोळेपणावर होता. नागपूरची बाई नवऱ्याची थेरं इतके भाग ऐकून घेईल? पहिल्याच भागात मालिका संपली असती! पुढे राधिकेची मसाल्यांची कंपनी तीनशे कोटींची झाली, तेव्हा अख्खा महाराष्ट्र हसला. काकू हसल्या नाहीत. घरी सावजी रस्सा करणारीला मसाल्यावर होणारा खर्च ठाऊक असतो.

नागराज मंजुळे यांनी 'झुंड'मध्ये नागपूरचीच पोरं घेतली. ती अमिताभ बच्चनसमोरही दबली नाहीत, तेव्हा कुठं गाव ओळखीचं वाटलं.

भोळेपणाचा शिक्का झोंबतो, कारण टवाळी हा आमचा पिढीजात उद्योग. तान्ह्या पोळ्याला काळी-पिवळी मारबत निघते, सोबत बडगे. महागाई असो, भ्रष्टाचार असो की पुढारी, ज्याचा वर्षभर त्रास झाला त्याचा पुतळा वाजतगाजत फिरवायचा आणि जाळायचा. हे एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. तेव्हा टीव्हीच काय, सिनेमाही नव्हता.

यंदा मालिका लिहिणाऱ्यांचाच बडग्या काढू, असं मी काकूंना सुचवलं.

"काढा ना," त्या म्हणाल्या, "पण जाळू नका बाप्पा. दुसरी मालिका कोन लिहीन मंग?"