रामआळीतली एंजल

साधारण 2007 साली रत्नागिरीत ही हमखास भेटायची. गावात तिची ओळख 'मास्तरांची धाकटी'. रामआळीत वहीपेन घ्यायला गेली तरी 'काय गो, एकटीच? आई कुठाय?' विचारणारे वाटेत चार जण. ऑर्कुटवर मात्र ती एंजल. नुसती नव्हे, नावाच्या दोन्ही अंगांना चांदण्या, आणि अक्षरं एक मोठं, एक लहान. सायबर कॅफेत मिनिटामिनिटाचे पैसे पडायचे, पण नावाच्या बाबतीत तिने कधी काटकसर केली नाही.

फोटोच्या जागी गुलाब, नाहीतर निळ्या डोळ्यांचं परदेशी बाळ. स्वतःचा टाकलाच तर भाट्याच्या समुद्रावरचा, तोही पाठमोरा. 'माझ्याविषयी'ची सुरुवात 'आय ॲम अ सिंपल गर्ल' अशी, आणि पुढे चौदा ओळी. एवढी साधी मुलगी समजावून सांगायची म्हणजे तेवढ्या लागायच्याच. निबंधाच्या वहीबाहेर तिने आपणहून लिहिलेलं बहुधा हेच पहिलं. आणि लाल पेन घेऊन बसलेले मास्तर तिथे नव्हते. हसणाऱ्यांनी हसावं, मला तर त्या चौदा ओळींचं कौतुकच वाटतं.

टेस्टिमोनियलचा, म्हणजे एकमेकींच्या प्रोफाइलवर लिहायच्या कौतुकाचा, मात्र रोखीचा व्यवहार: 'तू माझं लिही, मी तुझं लिहिते.' स्क्रॅपबुक अख्ख्या गावाला उघडं. टेस्टिमोनियल मंजूर केल्याशिवाय कुणाला दिसत नसे. म्हणून गुपितंही त्यातूनच जायची, खाली ताकीद: 'वाचून डिलीट कर, ॲक्सेप्ट करू नको हां!' एकदा भारनियमनाची वेळ झाली, यूपीएस कोकलायला लागला, घाईत ॲक्सेप्टवर बोट पडलं आणि क्लासबाहेर निळी पल्सर कुणासाठी थांबते ते सगळ्या बारावीला कळलं.

चिपळूणचा आत्तेभाऊ शोधत आलाच. स्क्रॅप टाकला, 'मामाला माहीत आहे का हे?' हिने त्याच्या कम्युनिटींची यादी सावकाश वाचून काढली आणि उलट विचारलं, 'आत्याला माहीत आहे का?' तो पुन्हा फिरकला नाही.

30 सप्टेंबर 2014 ला ऑर्कुट बंद झालं. आता ती फेसबुकवर खऱ्या नावाने, सासरच्या आडनावासकट आहे. ईमेल मात्र तोच, एंजलच्या नावाचा, चांदण्या तेवढ्या गळाल्या. अशी कुणी ओळखीत असेल, तर कृपा करून तिचा ईमेल चारचौघांत विचारू नका.